व्रणासकट

प्रिय बर्शब्बा,

‘भाऊ’ म्हणायला तू सांगितलं होतंस. अजून जीभ वळत नाही, म्हणून नावानेच लिहिते.

जैतून उतरवून झाले. यंदा फळ बारीक आहे. तुझी आई माझ्याकडेच असते. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण जात्यावर बसू दिलं नाही की रुसते. तुमच्या सभेतली स्तोत्रं ओट्यावर ऐकू येतात. ती तुझा आवाज ओळखते आणि मला विचारते, "जेवत असेल ना गं वेळेवर?"

त्या मार्किओन गुरूच्या सभेत जायचं तू सांगितलंस तेव्हा माझे हात कणकेत होते. म्हणालास, "शलमत, आजपासून तू माझी बहीण. लग्न मोडल्याशिवाय ते बाप्तिस्मा देत नाहीत." मला थट्टाच वाटली. मग तू समजावलंस: हा देह, हे जग घडवणारा देव वेगळा, खालचा; आणि ख्रिस्ताचा पिता त्याच्याहून वरचा, दयाळू. आपली पोर अमाता तेव्हा तुझ्या पायाला मिठी मारून उभी होती. हिला कोणत्या देवाने घडवलं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तापात पोरीने तुझाच धोसरा काढला. तू आलास, तिचे ओठ ओले केलेस, ते मी विसरणार नाही. पण तिला बरं कर, असं तू देवाला म्हणाला नाहीस. "हिला या देहातून सोडव," म्हणालास. तेव्हा मी तुला घराबाहेर काढलं आणि पलीकडच्या मोठ्या चर्चच्या धर्मगुरूंना बोलावलं. त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. दुपारी ती गेली.

ते सांगतात, शेवटच्या दिवशी हाच देह पुन्हा उठेल. मी विचारलं, "गुडघ्यावरच्या व्रणासकट?" अंजिरावरून पडली होती ना ती. म्हातारा म्हणाला, "पोरी, मला वाटतं, व्रणासकट." बर्शब्बा, तुमचा देव दयाळू असेलही. पण त्याला तो गुडघा नको आहे.

रविवारी मी त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेते आहे, म्हणजे मला अमाताशेजारी पुरतील. पश्चिमेकडे, सैतानाच्या दिशेला, तोंड करून तुमच्या शिकवणीचा धिक्कार करावा लागेल. त्यानंतर तुमच्यापैकी कुणाशी बोलायचं नाही, कुणासोबत जेवायचं नाही. आईंना मी सांभाळेन. धिक्कार मी अडखळत करणार नाही, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे लिहिलं. उत्तर पाठवू नकोस. मला ते घेता येणार नाही.

रविवारपर्यंत तुझीच,
शलमत