किरकिऱ्याला दिलेलं उत्तर

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.
आजपासून नवा माणूस. साडूने भरीला घातलं म्हणून 'मनातला आवाज ओळखा' या शिबिराला गेलो आणि डोळे उघडले. (चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काढून डोळे उघडायला दुसरीकडे जावं लागलं. असो.) सर म्हणाले, आपल्याला कमी लेखणारा आवाज आपला नसतोच. त्याला नाव द्या, तो काय बोलतो ते लिहा आणि त्याला मोठ्याने, ताडकन उत्तर द्या.
नाव ठेवलं : किरकिऱ्या.
संकल्प : मालक एप्रिलमध्ये पुलापलीकडे दुसरं दुकान उघडताहेत. ते चालवायला माणूस हवाय. मी एकोणीस वर्षं मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून भिंगं घासतोय. उद्या सकाळी मालकांपुढे उभं राहून सांगायचं, "ते दुकान मी बघतो." चारच शब्द.

३ मार्च, सोमवार.
सकाळी मालक घाईत होते. घाईतल्या माणसाकडे मोठा विषय काढू नये. दुपारी निवांत होते. निवांत माणसाला त्रास देऊ नये.
किरकिऱ्या : "जमेल का तुला?"
उत्तर : लिहायचं राहिलं. एक बायफोकल अर्जंट आला.

५ मार्च, बुधवार.
पहिलं प्रत्यक्ष उत्तर. वेळ जरा चुकली. मालक जेवायला गेले की डोळ्यांचा नंबर मी तपासतो. खुर्चीत एक रिटायर्ड पोस्टमास्तर होते. तिसरी ओळ वाचत होते. तेवढ्यात किरकिऱ्या म्हणाला, "तू चुकतोयस." मी गरजलो, "साफ खोटं! तुला काडीचं कळत नाही!"
पोस्टमास्तर उठून उभे राहिले. म्हणाले की जे दिसतंय तेच ते वाचताहेत, आणि त्यांना अरेतुरे करायची त्यांच्या सासऱ्यांचीही हिंमत झाली नव्हती. चष्मा न घेताच गेले.
जमेची बाजू : आवाज खणखणीत निघाला. ह्यापुढे सराव फक्त मागच्या खोलीत, मशीन चालू असताना. त्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नाही.

८ मार्च, शनिवार.
हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, मनाशी बोलण्यापेक्षा मालकांशी बोला, दोन मिनिटांचं काम आहे. हिला त्यातलं शास्त्र कळत नाही. म्हटलं, आधी पाया पक्का हवा. तर म्हणाली, एकोणीस वर्षं पायाच खणताय, भिंत कधी दिसायची? मी म्हणालो, भिंत मला रोज दिसते. बोलणं तिथेच संपलं.

११ मार्च, मंगळवार.
शिबिराच्या वहीतला पुढचा प्रश्न : हा आवाज मुळात कुणाचा?
वडिलांचा नाही. वडील मला काही म्हणतच नसत, सगळं दादाला म्हणत. हिचा नाही. ही विचारत नाही, सांगते. किरकिऱ्या आधी घसा खाकरतो आणि मग म्हणतो, "काय रे, जमेल का तुला?" आज दुपारी मालक बाहेर खाकरले आणि मी हातातलं भिंग खाली ठेवलं. हुबेहूब तोच! किरकिऱ्याचा आवाज मालकांचा आहे.
फार मोठा शोध. शत्रू ओळखला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. मालकांशी बोलणं आठवडाभर पुढे ढकललं, कारण अर्धी लढाई अजून बाकी आहे.

१५ मार्च, शनिवार.
काउंटरवरच्या बाईंनी आज विचारलं की नव्या दुकानाचं मी मालकांकडे बोललो का, आणि बोलणार नसलो तर त्यांनी बोललेलं चालेल का. (तीन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा फ्रेमची दांडी न मोडता कशी वाकवायची, हे मीच शिकवलं होतं.) मी म्हणालो, अवश्य बोला. आत्मविश्वास असलेला माणूस दुसऱ्याची वाट अडवत नाही.
किरकिऱ्या : "हे काय केलंस?"
उत्तर दिलं नाही. हा त्याचा नेहमीचा प्रश्न नाही.

१९ मार्च, बुधवार.
सराव जोरात. मशीन लावतो, किरकिऱ्या खाकरतो, मी मान न वळवता देतो ठोकून. वाक्य पक्कं केलंय : "गप्प बस! एकोणीस वर्षं तुझं ऐकलं, आता एक शब्द ऐकणार नाही!" आज अकरा वेळा म्हटलं. तीन भिंगांच्या कडांचे टवके उडाले, पण माल मुळातच नाजूक होता.
उद्या बोलायचं म्हणजे बोलायचं.

२० मार्च, गुरुवार.
मालकांची दाढ दुखतेय.

२४ मार्च, सोमवार. दुपारी दोन.
सव्वाबाराला मशीन चालू असताना किरकिऱ्या आला. इतका स्पष्ट कधीच आला नव्हता. खाकरला. म्हणाला, "काय रे, नवीन दुकान बघशील का? जमेल तुला." शेवटी प्रश्न नव्हता, हे मागाहून लक्षात आलं. मी मान न वळवता एका दमात सगळं वाक्य म्हटलं. वर "चालता हो" हेही जोडलं, जे सरावात नव्हतं.
मग पावलं वाजली. किरकिऱ्याला पावलं नसतात. मशीन बंद करून वळलो तर दारातून मालकांची पाठ जाताना दिसली. हातात किल्ल्यांचा नवा जुडगा होता.

२५ मार्च, मंगळवार.
खुलासा करायचं ठरवलं. मुद्दे काढले.
एक : ते मी तुम्हाला म्हणालो नाही. (मग कुणाला? खोलीत तिसरं कुणी नव्हतं.)
दोन : मनातल्या आवाजाला म्हणालो. (असल्या माणसाच्या हाती दुकान कोण देईल?)
तीन : तो आवाज तुमचाच आहे.
तिन्ही खोडले.
संध्याकाळी मालकांनी एक फ्रेम दिली आणि म्हणाले, "अहो, एवढं बघता का?" एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच अहो. फार वाईट वाटलं.

२९ मार्च, शनिवार.
किल्ल्या काउंटरवरच्या बाईंना मिळाल्या. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की त्यांनी आधी मलाच विचारलं होतं. किल्ल्या घेऊनच आत आले होते. माझं उत्तर ऐकून आधी राग आला, पण मग वाटलं, जो माणूस कधी तोंड उघडत नाही तो एवढा बोलला, म्हणजे त्याला आपली खोलीच प्यारी असणार. इतकं ठाम उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
घरी येऊन हिला सांगितलं. मला वाटलं, आता ही बोलेल. हिने माझं ताट वाढलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

३१ मार्च, सोमवार. सकाळी साडेनऊ.
मशीन लावलं. किरकिऱ्या आला. आज खाकरला नाही. आवाजही मालकांचा नव्हता. नीट कान देऊन ऐकला, माझाच होता.
म्हणाला, "जमलं असतं तुला."
शिबिराची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. ह्याला काय उत्तर द्यायचं, ते त्यात दिलेलं नाही.