बाबांचा रकाना

१० जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचा-उपचारांच्या अभ्यासक्रमाची शेवटची सहामाही सुरू झाली तरी तू अजून वेळापत्रक केलं नाहीस, हे वाचून मी कपाळाला हात लावला. दर परीक्षेआधी भिंतीवर तक्ता चिकटवून हात धुऊन माझ्या मागे लागणारी बाई ती हीच का, असं मी बाबांना विचारलं. हॉस्टेलात राहिलं की मुली बिघडतात, असं ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

तेव्हा सोबत मीच एक तक्ता करून पाठवते आहे. निळा रंग कॉलेजच्या तासांचा, हिरवा दवाखान्यातल्या पेशंटचा आणि तांबडा मेंदू-मज्जातंतूंच्या अभ्यासाचा. तांबडं जास्त दिसेल, कारण त्या विषयात तू मागच्या वेळी काठावर वाचलीस. गुरुवारचं तुझं गाण्याचं मंडळ मी खोडलं आहे. रागावू नकोस. परीक्षा झाली की घसा बसेपर्यंत गा. बाबांचा एक रकाना ठेवला आहे, रविवारी. त्यात त्यांना दोन ओळी लिहायच्या, त्यांनी उत्तर पाठवलं नाही तरी.

माझ्या तक्त्यातही बाबांचा रकाना आहे. सकाळच्या गोळ्या, कमी मीठ, संध्याकाळचं फिरणं. डेपोत दिवसभर बसगाड्यांची वेळापत्रकं लावणारा माणूस स्वतःच्या गोळीची वेळ कशी काय विसरतो, ते मला अजून कळलेलं नाही. गेल्या वर्षी ते जिन्यात छाती धरून बसले, तेव्हा मी घरात होते म्हणून कळलं. तेव्हापासून डॉक्टरांचं बजावून सांगणं आहे की यांना एकटं ठेवू नका.

माझी आनंदाची बातमी आता सांगते. त्या दुसऱ्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझी जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. गणिताचा विभाग पहिल्यापासून उभा करायचा आहे, आणि तो माझ्या पद्धतीने. तेव्हा तू डिसेंबरात पास होऊन घरी ये, म्हणजे मी निघाले. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून पत्रानेच कळव.

लोभ आहेच, तो तक्त्याबरहुकूम वाढावा.

तुझी,
मास्तरीण


२ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तक्ता भिंतीवर लावला. माझ्या खोलीतली पोरगी तो पाहून म्हणाली की काकू, तुमची मुलगी लष्करात आहे का. मी म्हटलं, त्याहून वरची आहे. ही मुलगी तुझ्याहूनही लहान. माझी इस्त्री, माझी छत्री आणि माझा सल्ला तिन्ही मागून नेते, त्यातली इस्त्री तेवढी परत येते.

तांबडे रकाने मी मन लावून पाळते. पण खरं सांगू, त्या मज्जातंतूंची नावं माझ्या डोक्यात उतरतच नाहीत. एका कानाने ऐकते आणि दुसऱ्या कानापर्यंतसुद्धा जात नाहीत, मध्येच कुठेतरी सांडतात. पोरी एकदा वाचून धडाधड म्हणून दाखवतात. मला पन्नाशीत हे उद्योग सुचले, त्याला कोण काय करणार.

हिरव्या रकान्यात मात्र मी खुशीत असते. माझ्याकडे एक म्हातारे पेशंट आहेत, पूर्वी कापडदुकानात विक्रीला होते. झटका आल्यावर वाचा गेली. पाणी हवं असलं तर 'पाणी' म्हणता येत नाही, पण शिव्या लख्ख येतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला अशी एक हाणली की नर्सबाई लाजून बाहेर गेल्या. सरांनी समजावलं की शिव्या, आकडे, गाणी हे मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, तेवढी वाट शाबूत राहते. मग मी त्यांच्याबरोबर आकडे म्हणायला लागले, आकड्यांना चाल लावली, आणि परवा त्याच चालीत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली. ती बिचारी पिशवी हातात धरून रडायला लागली. मीही रडले. टेलिफोन ऑफिसात मी इतकी वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, पण असं काही हाताला लागलं नव्हतं. मला हेच काम करायचं आहे. डेपोजवळ एखादी लहानशी खोली घ्यायची आणि सकाळी पेशंट बघायचे. हे स्वप्न तुला म्हणून सांगते, बाबांना नको. ते लगेच खोलीचं माप काढायला जातील.

तर गुरुवारचं गाणं मी सोडलेलं नाही. तू खोडलेल्या चौकोनात पेन्सिलीने परत लिहून टाकलं. ते माझ्या अभ्यासातच धर.

बाबा गोळ्या खरंच घेतात ना? दर रविवारी लिहिते, पण उत्तराच्या नावाने शून्य.

माया आहे ती वाढती ठेव, तक्त्याचा जाच थोडा कमी कर.

तुझी विद्यार्थिनी,
आई


२४ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

आडवळणाने सांगत नाही. मज्जातंतूंच्या विषयात मी नापास झाले. बाकी सगळ्यात चांगली आहे, पेशंटच्या कामात तर वर्गात पहिली, पण एक विषय राहिला तरी दाखला मिळत नाही. पुढची सहामाही इथे राहून पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.

मी दोन दिवस विचार केला आणि परत यायचं ठरवलं. कॉलेज सोडते. प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहून तयार आहे, दहा डिसेंबरला देईन. म्हातारपणी शिकायची हौस होती, बरीचशी भागली. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे, जानेवारी चुकली तर ती जागा दुसऱ्याला जाईल. आणि बाबांना एकटं ठेवायचा तर प्रश्नच नाही. तू सामान बांधायला घे.

मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही. त्या म्हाताऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना काही विचारता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

बाबांना सध्या काही बोलू नकोस.

तुझी,
आई


२८ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. नापास झालीस म्हणून नाही. सोडतेस म्हणून.

मी मुख्याध्यापिकाबाईंना कळवते आहे की मला येता येणार नाही. पत्र लिहून बाबांकडे पेटीत टाकायला दिलं. शाळा दुसरी मिळेल. तुला परत कॉलेज मिळणार नाही, आणि त्या पेशंटच्या बायकोला दुसरी तू मिळणार नाहीस. तेव्हा अर्ज फाडून टाक आणि तांबड्या रकान्याला बस.

मला खूप जायचं होतं, आई. ते काही होणार नाही, एवढं एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. पण बाबांच्या जिवाशी खेळून मला कुठे जायचं नाही. घरात कोणीतरी हवंच, आणि ती मी असेन.

राग आहे, पण लोभावर मात करण्याइतका नाही.

तुझी,
मास्तरीण


२९ नोव्हेंबर

दोघींस,

मायना कसा करावा ते मला समजलं नाही. एकीला आशीर्वाद द्यायचे आणि दुसरीला दिले तर ती हसेल, म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे. कार्बन लावून दोन प्रती काढतो. एक टपालाने आणि एक मास्तरीणबाईंच्या टेबलावर.

पोरीने काल जेवताना सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं म्हणे, पण तिच्या पोटात काही राहत नाही, हे तिच्या आईकडून आलं आहे. ती ताटावर बसून रडली. मी तिला आणखी भात वाढला. मला अशा वेळी सुचत नाही, हेही तुम्हा दोघींना माहीत आहे. रात्री सुचलं ते आता लिहितो.

तुम्हा दोघींचे दोन तक्ते झाले आणि दोन्हींत मला एकेक रकाना मिळाला. कोणी कोणासाठी काय सोडायचं यावर दोघी भांडताय, आणि ज्याच्यामुळे सोडायचं त्याला एकीनेही विचारलं नाही. मी माणूस आहे, गच्चीवरच्या कुंड्या नाही, की पाणी घालायला कोणी मागे राहिलं पाहिजे. याचा मला राग आला. दोन्ही तक्त्यांतून माझा रकाना काढा.

आज सकाळी मी आपण होऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले की गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. आता एकटं राहायला हरकत नाही, फक्त रोज कोणाच्या तरी नजरेला पडा. तिथून मी डेपोत गेलो. आपल्या कोपऱ्यावरून पहाटेची पहिली गाडी जाते. तिचा ड्रायव्हर माझ्या हाताखाली तयार झालेला आहे. तो आता रोज कोपऱ्यावर हॉर्न देईल आणि मी खिडकीतून हात हलवीन. हात दिसला नाही, तर तो गाडी उभी करून वर येईल. किल्ली त्याच्याकडे दिली आहे. साहेबांना सांगून त्या फेरीला दोन मिनिटं वाढवून घेतली. नवं वेळापत्रक सोमवारी लागेल. पहाटे कामावर जाणारे लोक ते बघतील आणि आपली गाडी दोन मिनिटं उशिरा का पोचते, हे त्यांना कधी कळणार नाही.

मास्तरीणबाई, तुझं मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र मी पेटीत टाकलेलं नाही. दुसऱ्याचं टपाल अडवायचं नसतं, पण अडवलं. ते याच कागदाखाली ठेवलं आहे. टाकायचं की फाडायचं ते तुझं तू ठरव. आणि मास्तरीणबाईंच्या आई, तुमचा अर्ज तुमच्या हातात आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही. फक्त डेपोजवळ एक खोली रिकामी आहे, तिचं माप घेऊन आलो. ही बातमी कुठून फुटली ते पोरीला विचारू नका.

आता शेवटचं. एकटं राहायची मला भीती वाटते. संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकलं की काय वाटेल, ते मला आत्ताच कळतंय. पण ती भीती माझी आहे. ती मला वाटू द्या. तिच्यापायी तुम्ही दोघी थांबलात, तर मला रोज तुमची तोंडं दिसतील आणि रोज वाटेल की मी यांना थांबवलं. ते मला त्याहून जड जाईल.

जा आणि शिका, जा आणि शिकवा. लोभ असेलच, तो लांबूनही पोचतो.

तुमचा,
बाबा