बाराव्या दिवशी सांगितलेला अर्थ

मी, ज्ञानदा पद्माकर खरवंडीकर, वय वर्षे शेहेचाळीस, अविवाहित, मूळची पुण्याची, सध्या राहणार हायडेलबर्ग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि कोणी मागितलेले नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तसे आहे हे मी एकटीने ठरवणे बरोबर नाही, म्हणून दोन साक्षीदार बोलावले आहेत. इथल्या कायद्याला हस्ताक्षर आणि सही पुरते. आपल्याकडे साक्षीदार लागतात. शिवाय माझ्यासाठी दोन माणसे जमतात का, हे मलाही पाहायचे होते. येत्या बुधवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. धोका फार नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फार म्हणजे किती, हे मी त्यांना तीनदा विचारले.

कलम १. राहते घर भाड्याचे आहे. घरमालकाकडे ठेवलेल्या अनामतीतून भिंती रंगवून घ्याव्यात. पुण्याच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ श्रीरंग, राहणार त्सुफेनहाउझेन, याला द्यावा. बिनशर्त. आधीच्या मसुद्यात 'त्याने प्रथम मला एक फोन करावा' अशी अट होती. मेलेल्या बहिणीला फोन कसा करणार, हे अट लिहून झाल्यावर लक्षात आले.

कलम २. बँकेतील शिल्लक अंत्यविधीला वापरावी. उरेल ते श्रीरंगची मुलगी, म्हणजे माझी एकुलती एक भाची सेसिल, हिच्या शिक्षणासाठी ठेवावे. दहन इथेच करावे. अस्थी कुठे न्यायच्या यावर कोणी वाद घालू नये. वाद घालण्याइतकी माणसे जमणार नाहीत, तरी लिहून ठेवते.

कलम ३. माझ्या तेवीस डायऱ्या न वाचता रद्दीत टाकाव्यात. त्यात कोणाची बदनामी नाही. मात्र मी रोज खरे लिहिते असा माझा समज होता, आणि एका दिवसाची नोंद खोटी आहे. त्या दिवशी मी लिहिले, 'बारसे छान झाले.' त्याचा खुलासा कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. फ्रेंच नावांची कार्डे. अकरा लाकडी खोकी आहेत. एका कार्डावर एक नाव: ते कोणत्या भाषेतून आले, मूळ अर्थ काय, कोणत्या शतकात कोणी ठेवले. एकवीस वर्षांचे काम. पुण्यात फ्रेंच शिकताना वर्गात हजेरीला आम्हाला फ्रेंच नावे दिली होती. मला 'रने' मिळाले. त्याचा अर्थ 'पुन्हा जन्मलेली' असा, हे मी लायब्ररीत जाऊन शोधले, आणि त्या दिवसापासून दुसरे काही शोधावेसे वाटले नाही. आता हे सगळे इंटरनेटवर मिळते, असे इथल्या ग्रंथालयाने नम्रपणे कळवले आहे. त्यांचे बरोबर आहे. तरी खोकी श्रीरंगच्या तळघरात ठेवावीत आणि सेसिल अठरा वर्षांची झाल्यावर तिला विचारावे. तिने नको म्हटले तर पुन्हा विचारू नये.

विद्यापीठात माझ्या विभागातले सहकारी ब्लेझ यांना यातले एकही कार्ड देऊ नये. त्यांनी दोन लेखांत माझी कार्डे वापरली आणि माझे नाव तळटीपेतही घातले नाही. त्यांच्या स्वतःच्या नावाचा मूळ अर्थ 'बोबडा' असा आहे. अकरा वर्षे रोज एका टेबलावर कॉफी प्यायलो. एकदाही मी तो अर्थ त्यांना सांगितला नाही. हे मी सौजन्य मिरवण्यासाठी लिहीत नाही. गप्प बसणे मला जमत होते, हे पुढच्या कलमासाठी नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

कलम ५. सेसिलचा जन्म फेब्रुवारी १९९६ चा. बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणून मी चार महिने कार्डे चाळली आणि 'ओरोर' निवडले. ओरोर म्हणजे पहाट. आमच्या आईचे नाव उषा होते, आणि हे दोन्ही शब्द फार मागे जाऊन एकाच मुळाशी पोचतात. मुलगी इथे वाढणार; तिला इथल्या लोकांना म्हणता येईल असे नाव हवे आणि त्यात आजीही असावी, असा माझा हिशेब. मी तो कोणाला सांगितला नाही. बारशाच्या दिवशी सांगणार होते.

पण इथे जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते. फॉर्मवर नावाचा रकाना असतो, आणि हॉस्पिटलची बाई पेन घेऊन उभी असते. बाळाच्या आईबापांनी 'सेसिल' लिहिले. नंदिनीला, म्हणजे श्रीरंगच्या बायकोला, ते नाव आवडत होते, एवढेच. मी बाराव्या दिवशी आगगाडीने पोचले तेव्हा श्रीरंगने जन्मदाखला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, हे नाव कानात सांगायचं बरं का. बारशाच्या आधी सरकारने बारसे उरकले होते. आमच्यापैकी कोणालाच तोवर तारखांचा मेळ सुचला नव्हता. मी एक फोन केला असता तर सुचला असता.

मी पाळण्यावर वाकले. बायका पाठीत गुद्दे घालत होत्या, हसत होत्या. मी बाळाच्या कानात 'ओरोर' म्हटले, आणि उठून मोठ्याने 'सेसिल' सांगितले. हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

मग घुगऱ्या वाटताना मीनल नावाच्या शेजारणीने विचारले, "ज्ञानदाताई, तुम्ही तर यातल्याच. अर्थ काय हो नावाचा?"

मी म्हटले, "आंधळी."

नंदिनी बाळाला घेऊन बसली होती. "वन्सं, आजच्या दिवशी तरी," एवढेच ती म्हणाली आणि उठून आत गेली. श्रीरंगने मला स्टेशनवर सोडले. गाडी आल्यावर म्हणाला, "ताई, तू तुझ्या कार्डांतच राहा. तिथे कोणी रडत नाही."

मी खोटे बोलले नव्हते. ते नाव एका रोमन घराण्यावरून आले आणि त्या घराण्याचे नाव 'आंधळा' या शब्दाशी जोडतात. पण त्याच कार्डावर खाली, माझ्याच अक्षरात, हेही लिहिले आहे की या नावाची संत संगीताची रक्षणकर्ती मानली जाते, आणि शेकडो वर्षे लोकांनी हे नाव मुलींना गाण्यासाठी ठेवले. मी कार्डाचा वरचा अर्धा भाग वाचून दाखवला. पाठ दोन्ही होते.

सेसिल चार वर्षांची असताना तिचा एक डोळा आळशी, म्हणजे कमी पाहणारा, निघाला. नंदिनीचा फोन आला. "वन्सं, डोळ्यावर पट्टी लावलीय. झालं समाधान?" तिने फोन ठेवला. नावाने डोळे जात नाहीत हे मला कळते. तरी त्या आठवड्यात मी सर्व शतकांतल्या सेसिल काढून, त्यांतल्या किती जणींना दिसत नव्हते ते पाहत बसले. एकीचीही तशी नोंद नव्हती. हे कळवायला मी फोन उचलला नाही. वर्षभराने पट्टी निघाली, दिसते आहे, असे श्रीरंगच्या दिवाळीच्या कार्डावर एका ओळीत होते. त्याला आता पाच वर्षे झाली.

तरी सेसिलचे कार्ड तिला माझ्या मृत्यूनंतर पाकिटातून द्यावे. त्यावर दोन्ही भाग आहेत. मागच्या बाजूला ओरोरचीही हकीकत लिहिली आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी नंदिनी श्रीरंग खरवंडीकर हिला नेमते. पाकीट द्यायचे की नाही हे तिने ठरवावे. माझा राग करण्याचे कारण तिच्याइतके कोणाकडे नाही, म्हणून ती काम चोख करील.

येथवर लिहून झाल्यावर, व्यवस्थापकाची संमती हवी म्हणून आज दुपारी मी त्सुफेनहाउझेनला फोन केला. फोन सेसिलने घेतला. मी नाव सांगितले. तिने आत जर्मनमध्ये आवाज दिला, त्या वाक्यात 'आत्या' हा एकच शब्द मराठी होता. म्हणजे त्या घरात तो बोलला जातो.

नंदिनीने सगळे ऐकून घेतले. मी कलमे क्रमाने वाचली, पाचवेही, कानातले नावही. मग तिने विचारले, ऑपरेशन कधी, आणि बरोबर कोण आहे. मी म्हटले, कोणी नाही. दवाखान्याच्या फॉर्मवर कोणाला कळवायचे असा एक रकाना आहे, तोही अजून कोराच आहे.

"वन्सं," ती म्हणाली, "मृत्युपत्रात माझं नाव नको. त्या रकान्यात घाला."

मी पाकिटाचे विचारले.

"तुमच्यावरचा राग गेलेला नाहीये माझा. पण ती वर्षभर विचारतेय, माझ्या नावाचा अर्थ काय. मी म्हटलं, आत्याला विचार. ती बुधवारी येईल माझ्याबरोबर. आणि पूर्ण सांगा."

सबब कलम ५ मधील पाकिटाची तरतूद आणि कलम ६ मी रद्द करत आहे. व्यवस्थापकाची जागा रिकामी ठेवून, वरील बाकी मजकूर मान्य करून सही करते.

ज्ञानदा पद्माकर खरवंडीकर
हायडेलबर्ग, शनिवार, १८ मार्च २००६

साक्षीदार १. हिल्डेगार्ड रीडेल, तळमजला. यांना मराठी वाचता येत नाही. सही त्यांच्यासमोर झाली, एवढ्याच्याच त्या साक्षीदार.

साक्षीदार २. प्रणव दिनकर सोहनी, संशोधक विद्यार्थी, कायझर्सलाउटर्न. मजकूर वाचला. यांच्या नावे माझी सायकल ठेवायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, म्हणून ती आजच दिली.