उकळत्या तळ्याचा काठ

भिवंडी
९ फेब्रुवारी १९७५

चि. रशिदा हीस,
सिराजचा सलाम. वि. वि.

दुवा लिहायला हात उचलत नाही, सलामावर भागव. मुद्दाम मराठीत लिहितो आहे, म्हणजे तुझ्या नवऱ्याला वाचता येणार नाही. नगरपालिकेच्या शाळेत दोघं शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग.

गेल्या महिन्यात तू फोटो पाठवलास. मागे तळं, तळ्यात मोजता येणार नाहीत इतके गुलाबी पक्षी, पुढे अम्मा खुर्चीवर. पाठीमागे लिहिलंस, अम्मा मजेत आहे. तो फोटो मी घरातल्या कारखान्यात लावला, आल्यागेल्याला दाखवला. आणि परवा तुमच्या नाकुरूहून परतलेला कासम, धामणकर नाक्यावरच्या चहाच्या दुकानात, चार माणसांदेखत मला विचारतो की अम्माचा भाजलेला पाय आता कसा आहे. मी मान हलवून बरा आहे म्हणालो. सख्ख्या आईची खबर मुलाला चहाच्या दुकानात कळते, हे लोकांना कळू दिलं नाही एवढंच.

आमच्याकडे एवढी वर्षं राहिली, तिला खरचटलंही नाही. तुझ्याकडे चार महिने काय गेली, तू तिला उकळत्या पाण्यात घातलीस. काय झालं ते स्पष्ट लिही. गोड लिहू नकोस.

घरच्या सर्वांतर्फे, लिहायचं म्हणून लिहितो, सलाम.
सिराज

नाकुरू, केनिया
२६ फेब्रुवारी १९७५

ती. सिराजभाई यांस,
रशिदाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना उर्दूत वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. त्यामुळे पुढचं उर्दूत लिहिलंस तरी चालेल.

झालं ते असं. इथून दीड-दोन तासांवर बोगोरिया नावाचं तळं आहे. पाणी इतकं खारं की त्यात मासा जगत नाही, काठाला सोड्याची पांढरी साय धरते. पण त्या पाण्यातल्या शेवाळावर ते गुलाबी पक्षी जगतात. उडाले की वाटतं तळ्यानं कूस बदलली. एका काठाला गरम झरे आहेत, कुठे कुठे माणसाच्या उंचीएवढं पाणी उसळतं. तुझ्या घरातून आल्यावर अम्मा पहिल्यांदा मोकळी हसली ती तिथे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत ती गुडघे शेकायला जायची, ते तिला आठवलं. ह्यांनी तिला दोनदा बजावलं की हे अंघोळीचं पाणी नाही, यात अंडं शिजतं. आम्ही डबे काढत होतो तेवढ्यात ती चपला काढून चालू लागली. पांढरी साय तिला जमीन वाटली. ती फुटली आणि डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. ह्यांनी धावत जाऊन तिला उचललं, त्यात ह्यांचे दोन्ही हात पोळले. फोटो त्याआधीचा आहे. तुला कळवू नका, हे अम्मानंच सांगितलं. तू ओरडशील म्हणाली.

आता तूही ऐक. इथे आली तेव्हा ती ओरडूनच बोलायची. घर शांत झालं की दचकून विचारायची, लाईट गेली का. तू तिच्या खोलीत कापड विणायचे दोन विजेचे लूम बसवलेस आणि तिची खाट बोळात टाकलीस, हे तिनं नाही, तिच्या कानांनी मला सांगितलं. पायाचं बरं होतं आहे. कानांचं काय करू ते तू लिही.

तुझी, कितीही बोललास तरी, बहीण
रशिदा

भिवंडी
१५ मार्च १९७५

चि. रशिदा हीस,
सलाम. वि. वि.

नवऱ्याला वाचून दाखवलंस ते बरं केलंस. त्याला हेही सांग की बजावून झाल्यावर म्हाताऱ्या माणसाचा हात धरायचा असतो.

लूमचं तू बोलू नयेस. सत्तर साली दंगलीत आपली शेड जळाली तेव्हा तुझ्याकडून तार आली, माणूस आलं नाही. शेडच्या राखेतून मी दोन लूम उभे केले. ते ठेवायला घराबाहेर वीतभर जागा नव्हती. अम्मालाच विचारून ठेवले. ती हो म्हणाली. ती नाही कधी म्हणते का, असं तू म्हणशील. मग तुझ्याकडे यायलाही ती होच म्हणाली होती.

मोंबासाहून पुढची बोट कधी आहे ते बघ आणि तिला बसवून दे. सोबतीला कुणी ना कुणी भिवंडीचं असतंच. ती आली की तुझं माझं बोलणं संपलं. ईदचं कार्डसुद्धा नको.

तुझा कुणी नाही असं समज,
सिराज

नाकुरू
३ एप्रिल १९७५

चि. सिराज यास,
अम्माची दुवा.

मी सांगते हाय आणि रशिदा लिहिते हाय. तिला बजावलंय, शब्द खाऊ नको, गोड करू नको.

तुमची सगळी पत्रं मी हिच्याकडून वाचून घेतली. एक पत्र वाचताना ही रडली, पण ते तुला सांगण्यासारखं न्हाय.

तळ्यावर काय झालं ते हिनं तुला नीट सांगितलं न्हाय. जावई गुलाम हुसेन म्हणत होता, अम्माला इथेच ठेवू, सरकारी कागद मी वाढवून आणतो. ही म्हणाली, नको. शाळेत शिकवायला जायचं की अम्माला धरून बसायचं, भावानं आपलं ओझं आपण उचलावं. माझे कान गेलेत असं दोघांना वाटतं, म्हणून दोघं मोठ्यानं बोलतात. मी ऐकलं आणि उठले. गुडघे शेकायला न्हाय गेले मी. यांच्यापासून लांब जायला गेले. समोर ते पक्षी इतके, एकाला एक खेटून उभे, कुणी कुणाला सरक म्हणत न्हाय. तिकडे बघत चालले आणि पाय गेला.

रशिदा इथं थांबली. लिही म्हटलं. लिहिते हाय.

जावयानं मला उचलून गाडीपर्यंत नेलं. त्याचे हात मी बघितलेत. त्याला परत वाईट लिहिलंस तर याद राख.

मी येते. पण माझ्या खोलीतून लूम निघायला हवेत. त्या खोलीत तुम्ही दोघं जन्मलात. लूम असले तर मी उंबरा ओलांडणार न्हाय. विचारून ठेवले म्हणतोस. लूमचे पट्टे चढवून झाल्यावर विचारलंस तू.

माझी दुवा दोघांनाही हाय. दोघांची लायकी न्हाय, तरी हाय.
अम्मा (खदीजा)

भिवंडी
१८ मे १९७५

रशिदा हीस,
सलाम. वि. वि.

अम्मा पोचली. तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं.

बंदरावर उतरल्या उतरल्या तिनं विचारलं की लूम निघाले का. मी हो म्हणालो. निघाले नव्हते. मला वाटलं, एकदा घरी आली की तिचा राग उतरेल, आजवर उतरत आलाय. टॅक्सी गल्लीत शिरली तेव्हा खटखट ऐकू येत होतीच. ती उतरली. दारासमोरच्या पायरीवर पाय पसरून बसली. मे महिन्याचं ऊन. माझ्या बायकोनं पाणी आणलं, घेतलं नाही. शेजारच्या बायका जमल्या, शिफ्ट सुटलेले कामगार थांबले. कुणीतरी हिंदीत विचारलं, अम्मा को अंदर क्यों नहीं लेते. तिनंच उत्तर दिलं की अंदर जगह नहीं है.

अडीच तास मी हट्ट धरला. मग नट खोलायचे पाने आणले. कामगारांना हात लावू दिला नाही, शरम वाटत होती. बोल्ट काढताना हातांची सालटी निघाली. एक लूम वळ गावातल्या ओळखीच्या लडकूच्या पडवीत नेऊन बसवलाय, एक अजून गल्लीत ताडपत्रीखाली आहे. माझं अर्धं काम बंद आहे. ती मात्र पहिल्याच दुपारी त्या रिकाम्या खोलीत तेलाच्या डागांवर चटई टाकून झोपली.

हे सगळं तूच शिकवून पाठवलंस, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं काय ते मला माहीत आहे. तू तिला ओझं म्हणालीस, हे तिनं सांगितलं ते तू स्वतःच्या हातानं लिहिलंस. मी असतो तर गाळलं असतं. म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. शेडचं मी विसरलेलो नाही.

ती माझ्याशी बोलत नाही. पायाची पट्टी मात्र मलाच बदलायला लावते, बायकोला करू देत नाही. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मला बाहेर जावं लागलं. तू पत्रात घोट्यापर्यंत एवढंच लिहिलं होतंस. कातडी नवी, गुलाबी आली आहे, पण टाचेशी अजून ओली आहे. तिथून आणलेलं मलम संपत आलं. डबीवरचं नाव पुसलं गेलंय, इथल्या डॉक्टरला ओळखता येत नाही.

मलमाचं नाव लिहून पाठव, परतीच्या टपालानं. आणि दुल्हेभाईंचे पोळलेले हात कसे आहेत तेही लिही. बाकी काही लिहू नकोस.

तुझा भाऊ
सिराज