साक्षीचा डावा हात

गुढ़ियारी, रायपूर

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

वरचा पत्ता आणि जयभीम वाचताना तू चष्मा पुसला असशील. चष्म्याला काही झालेलं नाही. तेवढं मी डाव्या हातानं लिहिलं. एवढ्यातच खांदा भरून आला, म्हणून इथून पुढे पेन उजव्या हातात घेतलंय. या वयात डाव्या हातानं कोंबडीचे पाय काढायची वेळ माझ्यावर का आली, ते सांगायचं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला मधेच टोकता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "पोट्टी पहिलीत गेली अन् अजून डाव्यानंच लिहून राहिली? सुट्ट्या लागल्या की मी येते अन् तो डावा हात बंदच करून टाकते." मी म्हटलं, हव. तुझ्यापुढे मी दुसरं काय म्हणणार? आई ड्यूटीवर गेली की तूच मला मांडीवर घेऊन अ-आ गिरवायला लावायचीस. तुझ्या फुटपट्टीला तुझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा मी जास्त ओळखतो. फोन स्पीकरवर होता आणि साक्षी शेजारीच बसून आंबा खात होती. माझं "हव" ऐकून दीपमालानं माझ्याकडे असं पाहिलं की रात्री मी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोललो नाही.

तुझ्या आधी मीही कमी खटपट केलेली नाही. भनपुरीच्या ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन साक्षीला घेऊन बसायचो. मी वही सरळ ठेवली की ती तिरपी करायची. मी पुन्हा सरळ करायचो, ती पुन्हा तिरपी. यात अर्धा तास जायचा आणि अक्षर एकही व्हायचं नाही. मग वाटलं, समोर बसावं, म्हणजे माझा उजवा हात तिच्या डाव्यासमोर येईल, आरशात पाहिल्यासारखं तिला करता येईल. युक्ती झकास होती. मी माझ्या बाजूनं सुरेख क काढला आणि तिनं तिच्या बाजूला जसा दिसला तसा, डोकं खाली पाय वर, हुबेहूब उतरवला. दीपमाला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काहून तिच्या मांगं लागून राहिले? तिले लिहिता येऊन राहिलं, तुमालेच शिकवता नाही येऊन राहिलं."

हो, तू डाव्या हातात घालायला विणून पाठवलेली लाल लोकरीची पिशवी मिळाली. वीण फार छान आहे, बटणही शोभतं. पण ताई, हा रायपूरचा एप्रिल आहे. इथे आम्ही कूलरसमोर बसूनही घामाघूम होतो. साक्षीनं ती एकदा घातली, दातांनी बटण सोडलं आणि पिशवी काढून टाकली. आता दीपमाला त्या पिशवीनं गरम कढई उतरवते. नाराज होऊ नकोस, घरात दुसरी कुठलीच वस्तू इतकी कामाला येत नाही.

एका संध्याकाळी मी साक्षीवर जरा आवाज चढवला, तर तिनं माझ्या डाव्या हातात पेन्सिल कोंबली आणि म्हणाली, "पापा, पहले आप इस हाथ से लिखो ना." तुला ठाऊकच आहे, आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालासोबत जाणारी माझ्या हातची बिल्टी म्हणजे छापल्यासारखी. म्हटलं, यात काय आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका रद्द बिल्टीच्या पाठीवर बसलो गावांची नावं लिहायला. जीभ बाहेर आली, मान वाकडी झाली. नत्थू ड्रायव्हर मागून बघत होता. म्हणाला, "भैया, इसमें दुर्ग लिखा है कि दवाई?" सगळं ऑफिस हसलं आणि मालकानं माझी तब्येत विचारली.

पण त्या हसण्यात मला एक गोष्ट कळली, ती तुझ्यासारख्या शिक्षिकेलाच सांगण्यासारखी आहे. डाव्या हातानं लिहिताना हात आपल्याच ताज्या अक्षरांवरून सरकतो. लिहिलेलं दिसत नाही, पुसतं, तळहाताची कड काळी होते. वही सरळ ठेवली तर मनगट पोटाशी मुडपतं. तिरपी केली की सगळं दिसायला लागतं. आणि अक्षरांच्या डोक्यावरची रेघ. ती आपण डावीकडून उजवीकडे ओढतो. डाव्या हाताला ती ओढता येत नाही, ढकलावी लागते. पेन्सिल रुतते, कागद गोळा होतो, फाटतो. साक्षीच्या वहीला भोकं पडायची ती यामुळे, आणि मी तिला धसमुसळी म्हणायचो. मी तीच रेघ उजवीकडून डावीकडे ओढून पाहिली. सुतासारखी सरळ आली. घरी येऊन साक्षीला सांगितलं, तर ती म्हणाली की ती तर तशीच काढायची, मीच खोडून परत काढायला लावायचो.

मग शाळेतही गेलो. तिच्या बाकावरच्या इंद्रजीतला तिचं कोपर लागायचं आणि त्याची ओळ डोंगरावर चढायची, अशी त्याच्या आईची तक्रार होती. मॅडम भल्या आहेत. त्यांना म्हटलं, हिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवून बघा, म्हणजे कोपर भिंतीकडे राहील. तेवढ्यानं भांडण मिटलं. आता फक्त इंद्रजीत नाखूष आहे, कारण ओळ अजूनही डोंगरावर चढते आणि सांगायला सबब उरली नाही.

साक्षीचं म्हणशील, तर ग अजून कधीकधी उलटा पडतो. पण कागद फाटत नाही. मधे तर तिला लिहिण्याचं असं वेड लागलं की फ्रिजवर साक्षी, कूलरच्या टाकीवर साक्षी, घरमालकाच्या स्कूटरच्या सीटवरसुद्धा साक्षी. स्कूटरचं प्रकरण मी हात जोडून मिटवलं, पण खरं सांगतो, मनातून मला फार अभिमान वाटला. रेघ इतकी सरळ होती.

"मधे" म्हटलं, कारण तुझ्या फोनपासून तिनं पेन्सिल धरलेली नाही. आधी आम्हाला वाटलं, आंब्यामुळे पोट बिघडलं असेल. मग दीपमालाच्या लक्षात आलं की पोर जेवताना, टीव्ही बघताना डावा हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसते. काल तिनं आईला हळूच विचारलं, "मम्मी, आत्या ये हाथ बंद करेगी तो दर्द होगा क्या?" दीपमालानं तिला कुशीत घेतलं. मी बाहेर जाऊन उगाच चपला नीट लावत बसलो, कारण मला रडू येत होतं. ताई, तुला मी जन्मात कधी नाही म्हटलं नाही, आणि तोंडावर आजही म्हणता येणार नाही, म्हणून हे पत्र. मी त्या दिवशी हव म्हटलं होतं, ते परत घेतो. साक्षीचा हात कोणी वळवायचा नाही, तूसुद्धा नाही. रागावायचं असेल तर माझ्यावर पोटभर रागाव, पण तिकीट रद्द करू नकोस. तिला तिची आत्या हवी आहे, फक्त ती आता तुला घाबरते, आणि ती भीती तुझ्याशिवाय कोणी काढू शकत नाही. मी तिला घेऊन स्टेशनवर येईन. गाडीतून उतरलीस की आधी आपला हात पुढे कर. ती जो देईल, तो धर.

तुझाच धाकटा,
राकेश