इंजिन नसलेल्या गाडीचा कॉम्प्रेसर

योगराजदादा,

तू आणलेला एसीचा कॉम्प्रेसर शोधू नकोस. तो बदलून आणायला मी भेस्तानच्या भंगारवाल्याकडे चालले आहे. तो पट्ट्यावर फिरणारा आहे, आणि पट्टा फिरवायला इंजिन लागतं. आपल्या फियाटचं इंजिन आपण दोघांनीच दिवाळीत काढलं आणि बॅटऱ्या बसवल्या, विसरलास? काल विचारलं तर म्हणालास, "भंगारवाल्या शेठने कापडाच्या जुन्या लूमच्या मोटरला जोडून दाखवला, बर्फासारखी हवा आली. तुझं फिजिक्स तुझ्याजवळ ठेव." ती लूमची मोटर शेठच्या भिंतीतल्या विजेवर चालते, दादा. ती वायरसकट गाडीमागे ओढत नेणार आहेस का?

फ्रिजला असतो तसा, मोटर आतच असलेला कॉम्प्रेसर आण, असं मी आकृती काढून लिहून दिलं होतं. तो कागद आज तुझ्या शर्टाच्या खिशात सापडला, घडीसुद्धा न मोडलेला. भंगारबाजार पोरींचं काम नाही म्हणून मला घरी बसवलंस, मग निदान कागद तरी उघडायचा!

तीन जिने ते धूड मी एकटीने उतरवलं आहे. शर्ट बादलीत भिजतो आहे, तो तू धू.

हर्षदा