पुढे ओढलेली सीट

नाशिक, रविवार संध्याकाळ

पणजीहून आजच परतलो, पण डोक्यात अजून तिथली भाड्याची गाडीच आहे. चावी मिळाल्यावर आमचे हे स्टिअरिंगपुढे बसायला गेले आणि गुडघेच अडकले. सीट पार पुढे ओढलेली! "कोण बुटकं चालवत होतं?" म्हणत यांनी ती मागे ढकलली.

खरंच, कोण असेल? माझ्याच उंचीची बाई? एकटीच आली असेल? की नवरा शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक" ओरडत असेल? लायसन्स माझ्याकडेही आहे, पर्समध्ये पडून. अख्खी ट्रिप मी शेजारीच बसले. गाडी परत देताना मात्र गुपचूप सीट पुढे ओढून ठेवली.

आत्ता खाली जाऊन आमच्या गाडीचीही ओढून आले. सकाळी यांचे गुडघे अडकतील. विचारू देत, कोण चालवणार म्हणून.